म्हातारपणी अन्न का नकोसं होतं: ‘वय झालं’ या उत्तराची पार्श्वभूमी

आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सा आहे, पण आधुनिक वैद्यकात उतारवयातल्या भूकमंदीला स्वतंत्र नाव मिळायला १९८८ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी वयानुसार स्नायू झिजण्याला ‘सार्कोपेनिया’ म्हटलं गेलं. २००१ मध्ये ‘फ्रेल्टी’चे, म्हणजे उतारवयातल्या दुबळेपणाचे, पाच निकष आले: प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा ५ टक्के वजन घटणं, थकवा, मुठीची पकड ढिली पडणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. यांतले तीन जुळले की फ्रेल. या यादीत भूक नाही, वजन आहे. म्हणजे दखल घेईपर्यंत उशीर झालेलाच असतो. ४५ किलोच्या आजींचे सव्वादोन किलो गेले की ५ टक्के भरतात. घरात काटा नसेल तर हे कळतं ते ब्लाउज सैल झाल्यावर आणि बांगड्या कोपराकडे सरकू लागल्यावर.

खरा वाद झाला तो शब्दावरून. मृत्यूची कारणं नोंदवण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत पूर्वी ‘जराजर्जरता’ अशा अर्थाची नोंद होती. २०१९ च्या नव्या आवृत्तीत तिथे थेट ‘म्हातारपण’ आलं. वार्धक्यावरच्या औषधांचं संशोधन करणाऱ्यांपैकी काहींना ते हवंच होतं. वृद्धांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कडाडून विरोध केला, कारण वयच कारण ठरलं तर पुढे कोणी तपासणार नाही. नोंद रोगांच्या नव्हे, लक्षणांच्या प्रकरणात आहे, हा संघटनेचा खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण अपुरा होता. आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये लागू होताना मथळा बदलला: ‘वार्धक्याशी निगडित अंगभूत क्षमतेतील घट’. बोजड असला तरी बदल योग्यच होता. आपल्याकडे निधनवार्तेत आजही ‘वृद्धापकाळाने’ एवढंच छापून येतं.

वयाचा वाटा आहेच. जठराचा वरचा भाग पूर्वीसारखा सैलावत नाही, चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. पण मेटफॉर्मिन (मधुमेहासाठी), डिगॉक्सिन (हृदयासाठी), डोनेपेझिल (स्मृतिभ्रंशासाठी) यांसारखी औषधं, हलणारी कवळी, बद्धकोष्ठता, नैराश्य हीसुद्धा कारणं आहेत, आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे.

प्रथिनांचा जुना हिशेब किलोमागे ०.८ ग्रॅमचा होता. २०१३ मध्ये तज्ज्ञगटांनी वृद्धांसाठी तो १ ते १.२ ग्रॅमवर नेला. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. नव्या हिशेबाने ५० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. ‘हलकं खावं’ म्हणून दिलेल्या वाटीभर पातळ पेजेत जेमतेम दोन ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा, कपभर दुधातही जवळपास तेवढीच. जेवणाआधीच्या गोड चहा-बिस्किटाने उरलीसुरली भूकही मरते.

भुकेच्या औषधांचा इतिहास निराशेचा आहे. मेजेस्ट्रॉलने वजन वाढलं तरी स्नायू फारसे भरत नाहीत, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र वाढतो. वृद्धांनी टाळायच्या औषधांच्या २०१२ च्या यादीत ते आहे. आपल्याकडे भुकेसाठी सर्रास दिलं जाणारं सायप्रोहेप्टाडिनचं सिरपही त्याच यादीत आहे: गुंगी, भ्रम, लघवी अडणं आणि, जी आधीच भूक मारत असते, ती बद्धकोष्ठता.