टाकीतल्या प्रवाळाला कोणती ट्यूब लावावी?

गोष्ट उशिरा कळणाऱ्या माणसाला आपण ट्यूबलाइट म्हणतो. प्रवाळ पाळायला घेतले तेव्हा मी तसाच ठरलो, आणि तेही खऱ्याखुऱ्या ट्यूबच्या बाबतीत. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी ५५ गॅलनची, म्हणजे साधारण २०८ लिटरची, चार फूट लांब टाकी आली. गॅरेजमध्ये लावतात तसली दोन ट्यूबची पांढरी पट्टी आणून मी तिच्यावर बसवली. टाकी लख्ख उजळली, मासे देखणे दिसू लागले. दीड महिन्यात मात्र हौसेने आणलेला हिरवागार प्रवाळाचा तुकडा तपकिरी पडला आणि आक्रसला. मी क्षार तपासले, तापमान तपासले, पाणी बदलले. उजेड तपासायचे काही सुचले नाही, कारण तो तर डोळ्यांना ढळढळीत दिसत होता.

प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म एकपेशीय शैवाल भाडेकरूसारखे राहते. हा भाडेकरू प्रकाशसंश्लेषण करतो आणि तयार झालेल्या साखरेतला मोठा वाटा घरमालकाला देतो. उथळ पाण्यातल्या कित्येक प्रवाळांची रोजची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत यातूनच भागते. उजेड कमी पडला की शैवाल आपली संख्या आणि रंगद्रव्य वाढवते, म्हणून प्रवाळ तपकिरी दिसू लागते. माझा तुकडा उपाशी होता आणि मी त्याला सारखे पाणी बदलून देत होतो.

आता हे शैवाल कुठल्या उजेडावर पोसलेले आहे ते पाहू. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश आधी गिळते. पाच-दहा मीटर खोलीवर तो बहुतेक संपलेला असतो. स्वच्छ उष्णकटिबंधीय पाण्यात निळा सर्वांत खोल जातो. त्यामुळे झूझॅन्थेलीतली हरितद्रव्ये आणि पेरिडिनिन हे त्यांचे खास रंगद्रव्य मिळून साधारण ४३० ते ५५० नॅनोमीटरचा, म्हणजे निळा आणि निळा-हिरवा, पट्टा उत्तम टिपतात. आपला डोळा मात्र ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो त्याच्या चार टक्केही किंमत देत नाही. आणि खोक्यावर छापलेले ल्युमेन हे माप याच मानवी डोळ्याच्या पसंतीवर बेतलेले आहे. जास्त ल्युमेनची ट्यूब शोधणे म्हणजे आपल्या जिभेला आवडते म्हणून गाईपुढे मिसळ ठेवणे. मोबाइलवरचे लक्स मोजणारे ॲपही याच कारणाने निळ्या उजेडात हमखास फसवते.

इथे उपयोगी पडते ते पार (PAR) नावाचे माप. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते यात मायक्रोमोलमध्ये मोजतात. विषुववृत्ताजवळ भर दुपारी हा आकडा २००० च्या आसपास असतो. टाकीत इतका लागत नाही. मशरूम आणि लेदर जातीच्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो, ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कठीण प्रवाळांना मात्र २०० ते ४०० लागतो. मोजायचे यंत्र महाग असते, पण इथले हौशी लोक ते आपसांत फिरवतात. मीही शनिवारी संध्याकाळी एकाकडून आणले आणि माझ्या पट्टीखाली, वाळूजवळ, आकडा २५ दाखवताच माझी ट्यूब पेटली.

ट्यूबच्या आत जे घडते ते फारच गमतीचे. आत थोडी पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की ती मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडते, जो आपल्याला दिसत नाही. काचेच्या आतला पांढरा लेप तो शोषतो आणि जास्त तरंगलांबीचा, दिसणारा प्रकाश परत देतो. म्हणजे ट्यूबचा रंग ठरवतो तो लेप. लेप बदला, तर तीच काच, तोच पारा, तीच वीज ४२० किंवा ४६० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देऊ लागते. जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये या क्रियेला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. गंमत अशी की टाकीतले मशरूम प्रवाळही हेच करते: निळा शोषून हिरवा किंवा लाल बाहेर टाकते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत आज सर्रास वापरले जाणारे एक लाल चमकणारे प्रथिन १९९९ मध्ये रशियन शास्त्रज्ञांना डिस्कोसोमा या मशरूम प्रवाळातच सापडले. रात्री फक्त निळी ट्यूब चालू ठेवली की वर लेप आणि खाली प्रथिन असा एकाच खेळाचा दुहेरी प्रयोग दिवाणखान्यात बघायला मिळतो.

आता खर्चाचे. ट्यूबच्या नावातला टी हा व्यास सांगतो, इंचाच्या आठव्या भागात. टी-८ एक इंचाची, टी-५ सोळा मिलिमीटरची. घरातली चार फुटी टी-८ ३२ किंवा ३६ वॅटची असते; टी-५ हाय आउटपुट जवळपास तेवढ्याच लांबीत ५४ वॅट खाते. पण खरा फायदा बारीकपणाचा आहे. ट्यूब चहूबाजूंना उजेड फेकते, अर्धा तर थेट छताकडे. तो खाली वळवायचा तर मागे रिफ्लेक्टर हवा, आणि जाड ट्यूब असली की परतणारा उजेड तिच्याच अंगावर आपटून वाया जातो. बारीक ट्यूबमागे प्रत्येकीचा स्वतंत्र, वळणदार रिफ्लेक्टर बसतो. माझ्या मते कमी पैशात सर्वांत जास्त उजेड देणारी वस्तू हीच. चार ट्यूब आणि चार रिफ्लेक्टर हे सपाट पत्र्याखालच्या सहा ट्यूबना सहज भारी पडते, आणि विजेचे बिल चारचेच येते. चार ट्यूब म्हणजे २१६ वॅट; आठ तास चालवल्या तर दिवसाला पावणेदोन युनिट.

एक सापळा सांगून ठेवतो. २८ वॅटची बचतवाली टी-५ आणि ५४ वॅटची हाय आउटपुट टी-५ यांची लांबी अगदी एकच, ११४९ मिलिमीटर, आणि पिनाही त्याच. दुकानदार हसत हसत एकीच्या जागी दुसरी देतो, ती बसतेही. पण इलेक्ट्रॉनिक चोक ५४ वॅटचा असेल तर २८ ची ट्यूब जास्त प्रवाहाने लवकर मरते, आणि उलट केले तर ५४ ची धड पेटत नाही. काचेवरचा आकडा चष्मा लावून वाचावा.

मी शेवटी माशांसाठीची महाग पट्टी घेतलीच नाही. घरात रोपे वाढवणाऱ्यांसाठी चार ट्यूबच्या टी-५ पट्ट्या मिळतात. आतला चोक त्याच जातीचा आणि किंमत बरीच कमी. उणीव दोन: रिफ्लेक्टर सपाट, आणि खाऱ्या वाफेपासून संरक्षण शून्य. स्वतंत्र रिफ्लेक्टर वेगळे घेऊन स्क्रूने बसवले, खाली ॲक्रिलिकचा पत्रा लावला, चोक टाकीच्या वरून काढून भिंतीवर नेला. मीठ आणि वीज यांचे जमत नाही, तिथे काटकसर करू नये. पंखा मात्र जपून लावावा. टी-५ पूर्ण तेजाने जळते ती भोवतालची हवा ३५ अंशांच्या आसपास असताना. बंद पेटीत ती फार तापते आणि उजेड घटतो, तर थेट गार झोतातही तो घटतो.

ट्यूब निवडल्या त्या अशा: दोन ४६० च्या निळ्या, एक निळसर पांढरी, आणि चौथी रोपांच्याच दुकानातली स्वस्त ८६५. या आकड्यातला ८ रंग किती खरे दिसतात ते सांगतो आणि ६५ म्हणजे ६५०० केल्विन. केल्विनवर मात्र फार विसंबू नये. तो उजेड कसा दिसतो याचा आकडा आहे, आत काय भरलंय याचा नव्हे. १४००० किंवा २०००० लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या ट्यूब शेजारी लावल्या तर सख्ख्या बहिणी वाटत नाहीत. लेप हळूहळू थकतो, त्यातही निळा आधी. म्हणून नऊ ते बारा महिन्यांनी ट्यूब बदलतात, एका वेळी एकच. चारही एकदम बदलल्या तर अंधाराला सरावलेले शैवाल अचानकच्या उजेडाने विषारी ऑक्सिजन-संयुगे बनवू लागते, प्रवाळ त्याला घराबाहेर काढते आणि पांढरे पडते.

वाळूजवळ आकडा आता ९० आहे, वरच्या खडकावर १८०. ॲक्रोपोराचा मोह होतो, पण त्यासाठी आणखी चार ट्यूब लागतील, म्हणून खाली मशरूम, मध्ये लेदर, वर हॅमर जातीचे प्रवाळ. अंथरूण आधी विकत घेतले, मग पाय मोजले.

मालवणला किनाऱ्यालगतच्या प्रवाळांवर डुबकी मारून आलेले नातेवाईक विचारतात, तिथलाच एक तुकडा आणू का? भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे वरच्या दर्जाचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून उचललेला तुकडाही गुन्ह्यात मोडतो. माझ्याकडचे सगळे इथल्याच टाक्यांत वाढवलेल्या प्रवाळांचे कापलेले कोंब आहेत.

एलईडी का नाही, हाही प्रश्न येतो. सावल्या न पाडता टाकीभर सारखा पसरणारा उजेड ट्यूब अजूनही चांगला देते, आणि लोक एलईडीकडे वळल्याने जुन्या पट्ट्या चौथाई किमतीत मिळतात. पण दिवस थोडे उरलेत. पाऱ्यामुळे युरोपीय संघाने २०२३ मध्ये टी-५ आणि टी-८ बाजारात आणणे थांबवले, आणि पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता कराराच्या देशांनी २०२७ ची मुदत ठरवली आहे. कपाटात, दिवाळीच्या माळांच्या खोक्यामागे, मी दोन वर्षे पुरतील एवढ्या ट्यूब भरून ठेवल्या आहेत. जुन्या झालेल्या कचऱ्यात न टाकता पारा वेगळा काढणाऱ्या संकलन केंद्रावर नेतो, त्यामुळे गाडीची मागची सीट वर्षातून एकदा चार फुटी लांब ट्यूबनी अडलेली असते.