परदेशात शिकायला निघालाय? आधी दहावीचं मार्कशीट बाहेर काढा

आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात पोरगं आणि आई-वडील येऊन बसले की पहिला प्रश्न ठरलेला, कुठला देश चांगला? आम्ही म्हणतो देश राहू दे, आधी फाईल दाखवा. हे पत्रक त्या फाईलबद्दलच आहे, आणि घरात पैशाचं जे बघतात त्यांनापण वाचायला द्या.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडलांचं, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. एवढं तिकडचे लोक समजून घेतात. पण स्पेलिंग बदललं की अडकलात. मागं एका पोराचं दहावीला सौरभ 'एस ए यू' नं होतं, पासपोर्टला 'एस ओ यू' नं, आणि डिग्रीवर वडलांच्या नावातला एक 'ए' गायब. आम्ही फाईल घेताना नुसतं नाव वाचलं, अक्षरं बघितलीच नाहीत, चूक आमचीच, आणि मग तिकडनं मेल आला की ही सगळी एकाच माणसाची कागदं आहेत हे दाखवा. ॲफिडेविट करा, परत स्कॅन करा, परत वाट बघा, यात चांगले पाच आठवडे गेले. तेव्हापासनं आम्ही पट्टी धरून एकेक अक्षर बघतो, तुम्हीपण घरी तेच करा. शक्यतो दहावीचं स्पेलिंग पक्कं धरायचं आणि पासपोर्ट त्याप्रमाणं री-इश्यू करून घ्यायचा, साधी फी १,५०० रुपये आहे, जुन्या मार्कशीटसाठी बोर्डाच्या मागं लागण्यापेक्षा हे बरं.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटची झेरॉक्स नव्हे. सगळ्या सेमिस्टरचे मार्क एकत्र, सही-शिक्क्याचे, बंद पाकिटात. शिवाजी विद्यापीठाचे असाल तर शेवटच्या सेमची वाट न बघता चौकशी करून ठेवा, आणि एक नको, चार-पाच सेट घ्या. अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, मात्र सगळीकडं लागत नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून उगाच पैसे घालवू नका, आम्हालापण देऊ नका.

आता पैसे. इथं कोल्हापूरकरांची गंमत अशी की पैसा असतो पण कागदावर दिसत नाही. शेतीचं उत्पन्न टॅक्स फ्री, त्यामुळं आयटीआर बारीक, आणि मग उसाचं बिल एकदम खात्यावर येतं, व्हिसावाल्याला वाटतं हे कुठनं आलं? म्हणून सातबारा, आठ-अ, कारखान्याची बिलं आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असं सगळं एकत्र लावायचं, सीएकडनं एक सर्टिफिकेट घ्यायचं. पतसंस्थेतली ठेव आधी बँकेत आणा. यूकेला जाणार असाल तर दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस पाहिजे, मधे एक दिवस जरी कमी झाली तरी मोजणी परत पहिल्यापासनं, म्हणून त्या महिन्यात त्या खात्याला हातच लावू नका, भाचीचं लग्न असलं तरी.

लोनचं विचारायला येणारे काका हमखास म्हणतात, चार एकर बागायत आहे की, ठेवू तारण. पण कर्ज थकलं तर सरफेसी कायद्यानं (कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा बँकांचा कायदा) शेतजमिनीवर बँकेला ताबा घेता येत नाही, म्हणून एज्युकेशन लोनला बँका सहसा ती घेत नाहीत. घर, फ्लॅट, एनए प्लॉट किंवा एफडी चालते. साडेसात लाखापर्यंत बऱ्याच बँका तारण मागत नाहीत.

जर्मनी फुकट आहे म्हणून येणारे खूप. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्युशन फी नाही हे खरं, पण बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. शिवाय एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदं तपासून खरी असल्याचा दाखला, लागतं, आपल्या पोरांना ते नोव्हेंबर २०२२ पासनं कंपलसरी झालंय, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला आधीच टाकायचे. ही फी नाही हां, तुमचेच पैसे, तिकडं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरोनं परत मिळतात.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा. बाबासाहेब १९२० ला उरलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत गेले तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली होती, त्याच गावात बसून पोरं फॉर्मची तारीख चुकवतात याचं वाईट वाटतं.

बॅगेचं थोडक्यात. ओरिजिनल कागद हातातल्या बॅगेत. कांदा-लसूण मसाला चेक-इनला, पिशवीत पिशवी घालून. युरोपला आईनं दिलेलं तूप नको, दुधाचे आणि मटणाचे पदार्थ तिकडं नेऊ देत नाहीत.

आणि फ्लाइट जुलै-ऑगस्टमधे असेल तर पंचगंगेकडं लक्ष ठेवा. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद होता. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, पण आम्ही तेवढं थांबत नाही, ३५ ला पाणी आलं की तुम्हाला फोन करतो, मग कुरकुर न करता बॅगा उचला आणि पुण्याला पाहुण्यांकडं जाऊन बसा.