सीसीसीचा वाद : द्राक्षनिर्यातीची पार्श्वभूमी

थॉमसन सीडलेस हे बिनबियांचे वाण, ठिबक आणि खारवट पाण्यावर तोडगा म्हणून नव्वदच्या दशकात रुजलेला डॉगरीज खुंट, म्हणजे ज्यावर द्राक्षाचे कलम बांधतात ती मुळांची जात. नाशिक-सांगलीच्या बागा निर्यातीच्या झाल्या त्या या तिघांवर. डॉगरीजचा जोम मात्र दुधारी. एप्रिल छाटणीनंतर काडी जोरात पळाली की डोळ्यात घड तयार होत नाही आणि ऑक्टोबर छाटणीला गोळीघड, म्हणजे अर्धवट वाढलेला घड, नाहीतर नुसती बाळी, म्हणजे वेलाचा ताणा, निघते. काडी थोपवायला बागायतदार फूट पाच पानांची झाली की सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारे रसायन, फवारत. 50 टक्क्यांचे द्रावण लिटरला 1 मिली घेतले की 500 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 500 भाग, होते. शिफारसही तशीच होती.

2003 मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि उर्वरित अंश तपासणीची व्यवस्था उभी राहिली. 2006 पासून ग्रेपनेट या निर्यातद्राक्षांच्या ऑनलाइन व्यवस्थेवर प्लॉटची नोंदणी, तोडणीआधी नमुना, अहवाल आल्यावरच माल बाहेर, अशी शिस्त लागली. बागायतदारांनी ती खर्चासकट पाळली.

तरीही 2010 मध्ये युरोपात माल अडकला. कारण सीसीसी. द्राक्षासाठी तिकडची मर्यादा तेव्हा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. 13 टनांच्या कंटेनरचा हिशेब केला तर सगळ्या मालात मिळून एक ग्रॅमसुद्धा चालत नव्हता. आपल्या तपासणी यादीत हे रसायन नव्हतेच, त्यामुळे प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ आणि बंदरावर माल नापास.

खरा वाद इथे आहे. युरोपात गव्हावर हेच रसायन सर्रास मारतात आणि तिथली मर्यादा कित्येक पट सैल आहे. द्राक्षावर तिकडे त्याची नोंदणी नाही, म्हणून यंत्राला मोजता येईल तेवढीच तळाची मर्यादा लागली. म्हणजे हा आकडा विषारीपणावरून ठरलेला नव्हता. मेमध्ये फवारलेले फेब्रुवारीत मण्यात येईल कसे, हाही प्रश्न तेव्हा विचारला गेला. उत्तर लाकडात आहे : हे रसायन काडीत-खोडात साठते आणि नव्या फुटीबरोबर वर येते. नाशपातीच्या बागांत युरोपने ते आधीच अनुभवले होते. यादी अपुरी राहिली ती वरच्या पातळीवर, पण भाव पडला बागायतदाराचा.

त्यानंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आले आणि निर्यातीच्या प्लॉटवर ते टाळले जाऊ लागले. आता जोम आवरायचा तो पाणी आणि नत्र तोडून, सात पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे उपकाडी, काढून आणि घडनिर्मितीच्या काळात, म्हणजे छाटणीनंतर 40 ते 60 दिवसांत, पालाश देऊन. धोका उरतो तो दोन ठिकाणी. एक, आधी फवारलेली जुनी बाग. दुसरा, घटक न छापलेली 'जैविक' संजीवके, म्हणजे वाढीवर परिणाम करणारी औषधे. अशी बाटली बागेत आणण्याआधी तिचाच नमुना प्रयोगशाळेत द्यावा. कंटेनर परत येण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते.