ल कॉर्बुझिएने ‘समग्र’मधून गाळलेली घरं

वास्तुकाराच्या इमारती सालवार मांडणारं जाडजूड पुस्तक हाती आलं, की आपण ते त्याच्या कामाची नोंदवही समजून चाळतो. ल कॉर्बुझिएच्या बाबतीत तसं करून चालत नाही. त्याच्या समग्र कार्याचे आठ खंड झुरिचमधून १९३०च्या सुमारास निघू लागले; शेवटचा १९७० साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आला. संपादक म्हणून विली बोसिगर यांचं नाव असलं, तरी काय घ्यायचं आणि काय वगळायचं यावर खुद्द वास्तुकाराची करडी नजर होती.

पहिल्या खंडाचा काळ १९१० ते १९२९. मग स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या त्याच्या जन्मगावी १९१२ साली त्याने आईवडिलांसाठी बांधलेलं घर त्यात असायला हवं. ते नाही. १९१७ साली तिथेच पुरा झालेला व्हिला श्वॉबही नाही. १९१४ची ‘डॉम-इनो’ ही काँक्रीटच्या सांगाड्याची कल्पना मात्र आहे, जी कधी त्या रूपात बांधलीच गेली नाही! न बांधलेलं आत, बांधलेलं बाहेर. कारण उघड आहे. उतरती छपरं आणि नक्षीकाम करत शिकलेला शार्ल-एदुआर जानरे (हे त्याचं मूळ नाव) त्याला वाचकासमोर आणायचाच नव्हता. जन्माला यायचा तो थेट आधुनिक ल कॉर्बुझिए. हे नावही त्याने १९२०मध्ये घेतलेलं. श्वॉबचा फोटो त्याने आपल्या मासिकात छापला होता खरा, पण अंगणातला मांडव त्यातून पुसून टाकून.

ही खोड त्याची एकट्याची नव्हे. सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार पालादिओ याने १५७०च्या ग्रंथात आपली घरं काढली ती प्रत्यक्षापेक्षा नेटकी, प्रमाणबद्ध करून. अमेरिकी वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने १९१०मध्ये बर्लिनहून आपल्या इमारतींच्या चित्रांचा जो संच काढला, त्यासाठी इटलीत बसून बरीच चित्रं नव्याने काढवून घेतली होती.

गाळलेलं पुढे सापडत गेलं, याचं श्रेय कॉर्बुझिएलाच द्यावं लागतं, कारण त्याने कागद फाडले नाहीत. ते पॅरिसच्या त्याच्या प्रतिष्ठानाकडे गेले आणि १९८०च्या दशकात त्याची हजारो रेखाटनं ३२ खंडांत छापली गेली. त्याने पॅरिसजवळ बांधलेल्या व्हिला साव्वा या घराच्या गळक्या छपराबद्दल मालकिणीने केलेल्या तक्रारीही आज वाचता येतात. समग्रातल्या फोटोंत त्या घरावर पावसाचा डाग नाही.

या शोधाने त्याच्या वाटचालीचं चित्र पालटलं. १९५५चं त्याचं फ्रान्समधल्या राँशाँचं वाकड्या भिंतींचं चर्च पाहून अनेकांना वाटलं होतं, की १९२०च्या दशकातला सरळ रेषांचा माणूस बिथरला. पण ज्याने विशीतच दगड, उतार आणि डोंगराची झाडं पाहून घर बांधलं होतं, त्याच्यासाठी हे वळण तितकं अचानक नसावं, असं मला वाटतं.

२०१६मध्ये त्याच्या सात देशांतल्या १७ वास्तू जागतिक वारशात आल्या, चंडीगढचा कॅपिटॉल परिसरही त्यातच. यादीतली सगळ्यात जुनी कामं १९२३ची. आईवडिलांचं घर तिथेही नाही. ते दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खुलं केलेलं आहे.