पूर्वशोक, पौगंडावस्थेतील

जवळच्या माणसाचा आजार बरा होणारा नाही हे उमगल्यापासून त्याच्या मृत्यूपर्यंत आप्तांना होणारा शोक. येथे साधारणतः १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींचा, आजी किंवा आजोबांच्या असाध्य आजारातील पूर्वशोक विचारात घेतला आहे. आजार कर्करोगाचा असेल तर या काळाची सुरुवात बहुधा एखाद्या तपासणी-अहवालापासून मोजता येते. स्मृतिभ्रंशात मात्र आजी समोर बसलेली असतानाच नातवाला नावाने हाक मारीनाशी होते, त्यामुळे शोक नेमका कधी सुरू झाला हे ठरविणे कठीण जाते.

उगम : संकल्पनेचे श्रेय सामान्यतः एरिक लिंडमान या मनोविकारतज्ज्ञांना दिले जाते. बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागून ४९२ माणसे दगावली. त्यातून वाचलेले लोक, मृतांचे नातलग आणि इतर शोकग्रस्त अशा १०१ जणांच्या निरीक्षणांवर लिंडमान यांनी १९४४ मध्ये तीव्र शोकावरील निबंध प्रसिद्ध केला. पूर्वशोकाचा उल्लेख त्यात शेवटी आणि अगदी थोडक्यात येतो, आणि तेथे रुग्णशय्येचा संबंधच नाही. उदाहरण आहे ते आघाडीवर गेलेल्या सैनिकाचे. तो मरणार असे धरून घरच्यांनी शोक इतका पुरा केलेला असतो की, तो सुखरूप परतल्यावर पत्नीचे आपल्यावर प्रेम उरले नाही अशी तक्रार तो करतो आणि गोष्ट घटस्फोटाच्या मागणीपर्यंत जाते. मरणासन्न रुग्णाच्या आप्तांना ही संज्ञा लागू झाली ती पुढे, बहुधा १९६० च्या आसपास. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या आईवडिलांवरील अमेरिकेतील अभ्यासांचा (फ्रीडमन व सहकारी, १९६३) त्यात मोठा वाटा आहे. तेव्हा लिंडमान यांना संज्ञेचे कर्ते मानणे रास्त असले, तरी तिचा आजचा अर्थ त्यांचा म्हणता येणार नाही.

आधी केलेला शोक नंतरच्या शोकातून वजा होतो काय, हा दुसरा वाद. कॉलिन मरे पार्क्स आणि रॉबर्ट वाइस यांना १९८३ मध्ये असे दिसले की, जोडीदाराच्या मृत्यूची पूर्वसूचना मिळालेले लोक अकस्मात वैधव्य आलेल्यांपेक्षा लवकर सावरतात. पूर्वसूचना मिळणे आणि पूर्वशोक होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हा त्यावरील आक्षेप वजनदार आहे. मृत्यूपूर्वी तीव्र शोक करणाऱ्यांना नंतरही अधिक त्रास होतो, असा कल अलीकडच्या अभ्यासांतून दिसतो. थेरेस रँडो यांच्या मते (१९८६) हा शोक केवळ येणाऱ्या मृत्यूचा नसतो. जे आधीच गेले आणि जे रोज जात आहे त्याचाही असतो. आजोबा सायकलवरून शिकवणीला सोडत, ते बंद झाले. आता ते जिना उतरत नाहीत. पुढे ते नसतील. मुलांच्या बाबतीत ही मांडणी अधिक लागू पडते.

वय व आकलन : मृत्यू अटळ आहे, तो परतवता येत नाही आणि त्यात शरीराचे सर्व व्यापार थांबतात, या तिन्ही गोष्टी पौगंडावस्थेपूर्वीच समजलेल्या असतात. मारिया नागी यांनी हंगेरीतील मुलांच्या अभ्यासावरून (१९४८) सुमारे ९ वर्षांनंतर ही समज येते असे मांडले. नंतरच्या संशोधनाचा कौल याहून लहान वयाकडे आहे. म्हणजे १५ वर्षांच्या मुलीला ‘आजी देवाघरी जाणार’ एवढे सांगून भागत नाही. पुष्कळ घरांत इंग्रजी अहवाल तीच वाचते, औषधाचे नाव मोबाइलवर शोधते, आणि मोठ्यांनी न उच्चारलेले तिला आधी कळलेले असते. तरीही ‘दहावीची परीक्षा होऊ दे, मग सांगू’ असे ठरते. बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्राउस यांनी १९६५ मध्ये वर्णिलेल्या, येणाऱ्या मृत्यूच्या जाणिवेच्या चार स्थितींपैकी रुग्ण व भोवतालचे यांना परस्परांना ठाऊक असूनही दोघांनी न दाखविण्याची स्थिती ती हीच. फक्त येथे आजी, आईवडील आणि मुलगी असे तीन पक्ष ती सांभाळतात.

चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, मित्रांत नेहमीसारखे हसणे आणि त्याबद्दल अपराधी वाटणे ही सर्वसाधारण लक्षणे होत. रुग्णाच्या खोलीत जाणे टाळणे हा निर्दयपणा समजू नये.

नात्याचे स्थान : नातवंड म्हणजे दुधावरची साय असे मराठीत म्हणतात, पण शोकाचा मान मात्र मुलांना मिळतो. ‘वय झालं होतं, सुटले’ हे सांत्वन मुलासुनेला पुरते, नातवाला नाही. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या अमान्य शोकाच्या, म्हणजे समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकाच्या, कल्पनेत हे प्रकरण बसते. रूढीतही जवळीक मोजली जात नाही : मुलाच्या मुलांना दहा दिवसांचे सूतक, मुलीच्या मुलांना साधारणतः तीन दिवसांचे, मग नातू आजोळीच वाढलेला का असेना. ‘आजीचा जीव नातवात अडकलाय’ असे म्हणून त्याच्या हातून तोंडात पाणी घालण्याची चाल अनेक घरांत आहे. एखाद्याला त्याने धीर येतो. वसतिगृहातून वेळेत न पोहोचलेल्याला तेच वाक्य वर्षानुवर्षे सलत राहते.

उपाय व सेवा : उपशामक सेवेतील (आजार बरा होणारा नसताना त्रास कमी करणाऱ्या सेवेतील) परिचारिका पुढे काय दिसेल ते मुलांना आधीच सांगतात. अन्न सुटणे हा आजाराचा भाग असतो, घास भरवण्याचा आग्रह सोडावा. शेवटी लागणारी घरघर घशात साचलेल्या स्रावामुळे होते आणि रुग्णाला ती बहुधा जाणवत नाही. पाय चेपणे, ओठ ओले करणे अशी बेताची कामे मुलांना द्यावीत. रात्रीची जागरणे आणि मॉर्फिनच्या वेळा त्यांच्यावर टाकू नयेत. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह) मानले जाते. गोव्यात लोटली येथे त्याची शाखा आहे. पुण्यात वारजे येथील सिप्ला उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून चालू आहे. पूर्वशोक हे निदान नव्हे. मनोविकारांच्या २०२२ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेतील दीर्घकालीन शोकविकार मृत्यूनंतरच गणला जातो. त्यासाठी प्रौढांना किमान १२ महिन्यांची, मुले व किशोरवयीनांना ६ महिन्यांची अट आहे.