लैंगिक शिक्षणाने मुलं बिघडतात?

‘शाळेत हे शिकवलं की मुलं नको ते करून बघतात’ हा आक्षेप जुनाच. याच धास्तीने 2007 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम अडवला. प्रत्यक्षात उलट दिसतं. अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने 2018 मध्ये स्पष्ट केलं, की नीट शिकवलेल्या लैंगिक शिक्षणाने शरीरसंबंध वाढत नाहीत. उलट ते उशिरा सुरू होतात आणि निरोधचा वापर वाढतो. नुसतं ‘लग्नाआधी नको’ एवढंच बजावणारे वर्ग मात्र निष्प्रभ ठरतात.

आपल्याकडे चुकतं ते वेळेत. पाळी काहींना नवव्या-दहाव्या वर्षीच येते आणि व्याख्यान होतं आठवीत, तेही मुलग्यांना मैदानावर पिटाळून. मग अचानक रक्त दिसलेली मुलगी घाबरून गप्प बसते. झोपेत वीर्य गेलेला मुलगा त्याला आजार समजून कुढतो. म्हणून पाळीची माहिती आठव्या वर्षीच द्यावी, पॅड हातात देऊन, ते चार ते सहा तासांनी बदलायचं हेही सांगून. मुलग्यांनाही. अवयवांची खरी नावं तर बालवाडीतच हवीत. ‘शूची जागा’ एवढंच येणाऱ्या लेकराला, कुणी कुठे हात लावला हे धड सांगता येत नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही पाठ करून घ्या.