कोंडा, आर्सेनिक आणि धोतरा: आम्लातील गंजरोधकांची पार्श्वभूमी

तापवून लाटलेल्या पोलादावर ऑक्साइडची काळपट खपली धरते. जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी ती काढण्यासाठी पत्रा गंधकाम्लाच्या किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या हौदात बुडवतात. कारखान्यात याला पिकलिंग म्हणतात. खपली गेल्यावर आम्ल खालचे पोलादही खाऊ लागते आणि त्या वेळी सुटणारा हायड्रोजन आत शिरला, तर पोलाद ठिसूळ होते. हे टाळण्यासाठी आम्लात मिसळायचे द्रव्य, म्हणजेच गंजरोधक, निरुपद्रवी असावे, ही मागणी अलीकडची असली तरी सुरुवातीची द्रव्ये अगदी साधी होती. 1872 मध्ये मारांगोनी आणि स्टेफानेली यांनी सरस, जिलेटिन व कोंडा यांचे अर्क वापरले, तर 1895 च्या बाल्डविन यांच्या ब्रिटिश पेटंटात चक्क मळी आणि वनस्पती तेले होती.

तेलविहिरींनी वेगळीच वाट धरली. 1932 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात चुनखडीच्या थरातून तेल मोकळे करण्यासाठी विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडण्यात आले, आणि ते पोलादी नळ्यांतूनच उतरवायचे असल्याने त्यात आर्सेनिकचे संयुग मिसळले गेले. नळ्या वाचल्या, पण विष जमिनीखाली गेले. पुढे आर्सेनिकच्या जागी नत्रयुक्त सेंद्रिय संयुगे आणि प्रोपार्जिल अल्कोहोल आले. यांतलीही बरीच द्रव्ये विषारीच होती.

अशा सेंद्रिय रेणूंतील नत्र, ऑक्सिजन किंवा गंधकाच्या अणूंमुळे ते पोलादाच्या पृष्ठभागाला चिकटतात व आम्लाला तिथे जागा मिळू देत नाहीत. वनस्पतींत आढळणाऱ्या अल्कलॉइड आणि टॅनिन या संयुगांतही असे अणू असल्याने संशोधकांचे लक्ष पुन्हा वनस्पतींकडे वळले. 1985 मध्ये झुक्की आणि ओमर यांनी हायड्रोक्लोरिक आम्लात पपई, रुई, धोतऱ्याचे बी, कडुनिंब अशांचे अर्क तपासले. बहुतेकांनी 1 नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या संहतीचे माप) आम्लात गंज 88 ते 96 टक्क्यांनी रोखला. कडुनिंब मात्र, आपल्याकडे सर्व रोगांवर उतारा मानला जात असूनही, त्या पंक्तीत बसला नाही. आणि धोतऱ्याचे बी किती विषारी असते हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. तेव्हा वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हे समीकरण मुळातच कच्चे आहे.

उत्तर समुद्रातील तेलउद्योगासाठी 1992 च्या ऑस्पार करारानंतर (ईशान्य अटलांटिकच्या सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) द्रव्याचे विघटन होते का, ते सजीवांच्या शरीरात साठते का आणि जलचरांना किती घातक ठरते, हे तपासणे आवश्यक झाले. वनस्पती अर्कांवरील शोधनिबंधांत मात्र अनेकदा पोलादाच्या लहानशा पट्टीचे काही तासांत घटलेले वजनच मोजलेले असते, तेही साध्या तापमानाला. गंधकाम्लाचा हौद मात्र 60 अंश सेल्सियसच्याही वर तापवलेला असतो, आणि केवळ सैल चिकटलेला अर्क त्या उष्णतेत पृष्ठभाग सोडू लागतो.